लॉग म्हणतो ‘बॅकअप झाला’, फाइल मात्र 20 बाइटची: बाहेरच्या कमांडची नोंद कशी ठेवावी

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानासाठी मी हिशेबाचा प्रोग्राम लिहून दिला होता. रोज रात्री 2 वाजता तो पीजी-डंप (पोस्टग्रेस डेटाबेसची प्रत काढणारी कमांड) चालवायचा आणि निघेल ते जीझिपकडे (फाइल दाबून लहान करणाऱ्या कमांडकडे) द्यायचा. तुरीच्या ऐन हंगामात मालकांचा फोन आला, "सर, मागच्या आठवड्याची एक पट्टी उडालीय, बॅकअपमधून काढून द्या की." लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, रोज ‘बॅकअप झाला’. फोल्डरमध्ये मात्र प्रत्येक फाइल 20 बाइटची. जीझिपला काहीच दिलं नाही तरी तो 20 बाइटची रिकामी फाइल बनवतो, हे मला त्या दिवशी कळलं.

सगळ्यात आधी पाइप बघा. दोन कमांड पाइपने जोडल्या, म्हणजे एकीचं आउटपुट दुसरीला दिलं, की शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) शेवटच्या कमांडचाच एक्झिट कोड (संपताना दिलेला आकडा, शून्य म्हणजे यश) सांगतं. पीजी-डंप पडला, जीझिप पास झाला, म्हणून शून्य आला. बॅश या शेलमध्ये ‘पाइपफेल’ चालू करा, नाहीतर दोन्ही कमांड वेगवेगळ्या चालवून दोघींचे कोड लिहा.

मग कोडचा आकडाच लिहा, नुसतं ‘फेल’ नको. शेलमधून 127 आला तर कमांड सापडलीच नाही, 126 म्हणजे सापडली पण चालवता आली नाही. 137 म्हणजे कुणीतरी जबरदस्तीने मारली. बऱ्याचदा मेमरी संपल्यावर खुद्द लिनक्सच मारतं. पायथॉनमधून शेलशिवाय चालवलीत तर 127 येणार नाही, थेट ‘फाइल नॉट फाउंड’ची एक्सेप्शन येईल, ती वेगळी पकडा. आणि शब्द शोधणाऱ्या ग्रेप कमांडचा 1 म्हणजे चूक नव्हे, शब्द सापडला नाही एवढंच.

कमांड स्वतः काय ओरडली ते स्टँडर्ड एररमध्ये असतं. मी ते डेव्ह-नलमध्ये (लिनक्सच्या कचरापेटीत, जिथे टाकलेलं परत मिळत नाही) टाकत होतो, लॉग स्वच्छ दिसावा म्हणून! ते जसंच्या तसं लॉगमध्ये घ्या. पायथॉन 3.7 पासून ‘कॅप्चर आउटपुट’ एवढं सांगितलं की पुरतं. पोपेन (पायथॉनमधून कमांड सुरू करायची दुसरी पद्धत) वापरून नुसतं वेट करत बसू नका: लिनक्सवर पाइपमध्ये साधारण 64 केबी मावतात, ते भरले की कमांड तुमची वाट बघते आणि तुम्ही कमांडची. वेटऐवजी आउटपुट वाचत राहणारं कम्युनिकेट वापरा, टाइमआउट द्या.

कमांडला दिलेली आर्ग्युमेंट (पर्याय, फाइलची नावं) एकेक करून अवतरणात लिहा. ‘तूर हंगाम’ नावाच्या फोल्डरमधली मोकळी जागा दोन तुकडे करते, आणि सलग छापलेल्या ओळीत ते दिसत नाही. पासवर्ड तेवढा झाका.

शेवटी पाथ (कमांड जिथे शोधली जाते त्या फोल्डरांची यादी), युझर, चालू फोल्डर आणि लागलेला वेळ. माझं घोडं इथंच अडलं होतं: पीजी-डंप ‘यूएसआर लोकल बिन’मध्ये, आणि ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनचा पाथ ‘यूएसआर बिन’ व ‘बिन’ एवढाच. हाताने चालवली की चालायची, रात्री नाही. वेळ लिहिला असता तरी शंका आली असती. अख्ख्या हंगामाचा डेटा सेकंदभरात कसा निघेल?

बदल केल्यावर कमांडचं नाव मुद्दाम चुकवून एकदा चालवा आणि लॉग वाचा. मोंढ्यातल्या मशीनवर परवा ही ओळ आली:

02:00:04 | "पीजी-डंप" "-एफ" "/बॅकअप/तूर हंगाम.एसक्यूएल" | कोड 1 | 3.2 सेकंद | नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस

म्हणजे डिस्क भरली होती. मालकांचा फोन यायच्या आत जुन्या प्रती दुसऱ्या डिस्कवर हलवून झाल्या होत्या.