ट्रक आधी, रावेर नंतर: इंग्रजी नामसमूह शिकतानाचा अनुभव

अमळनेर तालुक्यातील एका खेड्यातून मराठी माध्यमात बारावी करून मी महाविद्यालयात आले, तेव्हा मला इंग्रजी शब्द बऱ्यापैकी येत होते आणि काळांचे तक्तेही पाठ होते. तरीही माझी वाक्ये कोसळत. पहिल्याच वर्षी भाषांतराच्या तासाला एक वाक्य आले: ‘रोज सकाळी रावेरहून येणारा, केळ्यांनी भरलेला जुना ट्रक आज आला नाही.’ मी लिहिले: ‘डेली मॉर्निंग रावेर फ्रॉम कमिंग बनाना फिल्ड ओल्ड ट्रक टुडे नॉट केम.’ वहीवर लाल रेघ आली, मात्र चूक नेमकी कुठे आहे हे कोणी सांगितले नाही. आता मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना जळगावात इंग्रजी शिकवते आणि दरवर्षी नव्या मुलांच्या वहीत हेच वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पाहते. त्या मुलांसाठी हे लिहीत आहे.

नाम आणि त्याचे वर्णन करणारे शब्द मिळून नामसमूह होतो. मराठीत नामाविषयी जे काही सांगायचे ते बहुतेक वेळा नामाच्या आधी येते. कुठून येणारा, कशाने भरलेला, किती जुना, हे सगळे सांगून झाल्यावर शेवटी ‘ट्रक’ हा शब्द येतो. घरी आम्ही बोलतो त्या अहिराणीतही ‘मायनी करेल भाकर’ असाच क्रम असतो, म्हणजे भाकर शेवटी. इंग्रजी मात्र हे ओझे नामाच्या दोन्ही बाजूंना वाटून टाकते. एकेरी, सुटे विशेषण नामाच्या आधी आणि ज्याच्यामागे आणखी शब्द लागलेले आहेत असे वर्णन बहुधा नामाच्या नंतर. म्हणून ‘ओल्ड’ ट्रकच्या आधी बसतो, तर ‘फुल ऑफ बनानाज’ आणि ‘दॅट कम्स फ्रॉम रावेर एव्हरी मॉर्निंग’ हे दोन्ही तुकडे ट्रकच्या मागे जातात. पूर्ण वाक्य असे होते: ‘द ओल्ड ट्रक फुल ऑफ बनानाज दॅट कम्स फ्रॉम रावेर एव्हरी मॉर्निंग डिड नॉट कम टुडे.’

या वाक्यातील ‘कम्स’च्या शेवटच्या ‘स’कडे लक्ष द्यावे, कारण मला सर्वांत उशिरा समजलेली गोष्ट तीच आहे. ‘दॅट’च्या लगेच आधी ‘बनानाज’ आहे, ‘ट्रक’ नाही. मग रावेरहून कोण येते, ट्रक की केळी? ‘कम्स’ एकवचनी असल्यामुळे ते उपवाक्य ट्रकला जोडले जाते. ‘दॅट कम’ लिहिले की केळी रावेरची ठरतात आणि ट्रक कुठला याविषयी वाक्य काहीच सांगत नाही. मराठीत हे काम ‘येणारा’ आणि ‘येणारी’ यांतील लिंगवचनाचा प्रत्यय करतो. इंग्रजी विशेषण लिंग-वचनानुसार बदलत नाही, ‘ओल्ड’ ट्रकलाही चालते आणि गाड्यांनाही. त्यामुळे ती जबाबदारी क्रमावर आणि क्रियापदावर येऊन पडते. चूक ओळखण्याच्या प्रश्नांत ‘द क्वालिटी ऑफ द बनानाज दॅट कम फ्रॉम रावेर इज गुड’ अशी वाक्ये येतात, तेव्हा ‘कम’ केळ्यांचे आणि ‘इज’ क्वालिटीचे, हे वेगळे करता आले की उत्तर सापडते.

नामाच्या आधी एकापेक्षा अधिक विशेषणे आली तर त्यांचाही क्रम असतो. संख्या, मग आपले मत, आकारमान, वय, रंग, मूळ स्थान, आणि नामाच्या अगदी जवळ पदार्थ. भरताची वांगी घ्यायला गेल्यावर आपण ‘हिरवी मोठी दोन वांगी द्या’ असे सहज म्हणतो; इंग्रजीत ‘टू बिग ग्रीन ब्रिंजल्स’ हाच स्वाभाविक क्रम आहे. हा नियम पाठ करण्यापेक्षा वाचताना कानावर बसू द्यावा, असे माझे मत आहे.

नामाला नाम जोडताना मराठी आपल्याला मदत करते. ‘कापूस खरेदी केंद्र’ आणि ‘कॉटन पर्चेस सेंटर’ यांचा क्रम एकच, दोन्हींत मुख्य शब्द शेवटी. फक्त आधीचे नाम बहुधा एकवचनी ठेवावे: ट्रकमध्ये हजारो केळी असली तरी तो ‘बनाना ट्रक’च, आणि दहा वर्षांची मुलगी ‘टेन-इयर-ओल्ड गर्ल’, तिथे ‘इयर्स’ नाही.

खरा त्रास पुढे आहे. ‘जो व्यापारी काल आला, तो आज पुन्हा आला’ या सवयीने मुले ‘विच ट्रेडर केम यस्टरडे, ही केम अगेन टुडे’ असे लिहितात. इंग्रजीत ‘तो’ची जागाच नसते: ‘द ट्रेडर हू केम यस्टरडे केम अगेन टुडे.’ दोन क्रियापदे जवळ आल्यामुळे ते विचित्र वाटते, पण बरोबर तेच आहे.

त्याहून खोल खड्डा विभक्तीचा आहे. ‘मी शिकलेली शाळा’, ‘आम्ही कापूस विकलेला व्यापारी’ असे आपण म्हणतो, तेव्हा ‘शाळेत’मधला ‘त’ आणि ‘व्यापाऱ्याला’मधला ‘ला’ गळून पडतो, आणि मराठी ऐकणाऱ्याला त्याची उणीव जाणवत नाही. इंग्रजीत ते शब्दयोगी अव्यय गाळून चालत नाही. ‘द स्कूल आय स्टडीड’ आणि ‘द ट्रेडर वुई सोल्ड कॉटन’ दोन्ही अपुरे आहेत. ‘द स्कूल आय स्टडीड ॲट’ आणि ‘द ट्रेडर वुई सोल्ड कॉटन टू’ असे लिहावे लागते. मी यासाठी एक सवय लावून घेतली, ती अजून सोडलेली नाही. आधी साधे वाक्य पूर्ण लिहायचे, ‘वुई सोल्ड कॉटन टू द ट्रेडर’, मग ‘द ट्रेडर’ उचलून पुढे ठेवायचे आणि मागे उरलेल्या ‘टू’ला हात लावायचा नाही.

स्वल्पविरामही अर्थ बदलतो. ‘माय ब्रदर हू लिव्ज इन धुळे’ म्हटले की अनेक भावांपैकी धुळ्याचा. ‘हू’च्या आधी आणि ‘धुळे’नंतर स्वल्पविराम दिले की भाऊ एकच असून तो धुळ्याला राहतो ही जादाची माहिती होते, आणि तिथे ‘दॅट’ वापरत नाहीत. ‘धुळ्याला राहणारा माझा भाऊ’ या मराठी शब्दांत दोन्ही अर्थ मावतात, म्हणून लिहिण्यापूर्वी आपल्याला कोणता हवा ते ठरवावे.

नव्या मुलांना पहिला महिना मी वाक्ये लिहायला देतच नाही, केवळ नामसमूह देते. मराठी वर्तमानपत्रातील एक लांब वर्णन घ्यायचे, त्यातील शेवटच्या नामाखाली रेघ ओढायची, ते नाम कागदाच्या मधोमध लिहायचे आणि उरलेला प्रत्येक तुकडा डावीकडे जाईल की उजवीकडे हे बोलून ठरवायचे. कालच एका मुलीने ‘ज्याच्या शेतात विहीर आहे असा शेतकरी’ घेतला. तिने ‘फार्मर’ मधोमध लिहिला, काही वेळ थांबली, ‘ज्याच्या’ या शब्दावर बोट ठेवले आणि उजवीकडे ‘हूज फील्ड हॅज अ वेल’ असे लिहिले.