विसाव्या शिपायापर्यंत: प्लास्टिक सैन्याचा खोका तपासताना

पटावरच्या युद्धखेळासाठी सुट्या भागांतून जोडायच्या प्लास्टिक शिपायांचा नवा खोका उघडला की पहिला मोह होतो तो झाकणावरचा सेनापती कापून चिकटवायचा. तो आवरा. सेनापती कुठल्याही खोक्यातला आवडतोच. सैन्य उभं राहतं साध्या शिपायांवर, आणि विसावा शिपाई चिकटवताना खोक्याबद्दल जे मत होतं ते खरं.

कटर हातात घेण्याआधी सगळे स्प्रू, म्हणजे सुटे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी, टेबलावर पसरा, दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि सूचनापत्रकातले नंबर स्प्रूवरच्या नंबरांशी जुळवा. एखादा हात मुळातच आला नव्हता हे विक्रेत्याला पटवायला अखंड स्प्रूचा फोटो लागतो. कापाकापी झाल्यावर तोंडी सांगितलेलं कोण ऐकतो?

मग मोजदाद. आधी धडं मोजा, नंतर हात, शस्त्रं, ढाली, डोकी. हे आकडे जुळतीलच असं नाही. एका खोक्यात माझ्या वाट्याला २० धडं, २० तलवारी आणि १० भाले आले होते, आणि मी २० भालाईत गृहीत धरून सैन्याची यादी लिहून मोकळा झालो होतो. ‘मूर्तीच्या हातात दिसेल तेच शस्त्र’ असा नियम जिथे पाळतात, तिथे अशी चूक खेळाच्या दिवशी नडते. स्प्रू एकसारखे आहेत का, हेही बघा. एकाच साच्याचे पाच असतील तर निशाणवालाही पाचदा येतो, आणि एका तुकडीला निशाण लागतं एकच. त्याच बैठकीत खेळाचं नियमपुस्तक उघडून तुकडीची संख्या पाहा. तुकडी २४ ची आणि खोका २० चा असेल तर दुसरा खोका आलाच, मग १६ जण उरतात. त्यांना सैन्यात जागा आहे का, हे आत्ताच ठरवा. खोक्याची किंमत सगळ्या मूर्तींनी भागू नका, पटावर उतरणाऱ्या मूर्तींनी भागा. उत्तर बरंच बदलतं.

आता प्लास्टिक कुठलं ते ओळखायचं, कारण गोंद त्यावर ठरतो. स्प्रूचा रिकामा तुकडा कापून पाण्यात बुडवा आणि चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसून टाका. तुकडा वर तरंगला तर ते बहुधा पॉलिइथिलीन, म्हणजे १/७२ मापाच्या मऊ शिपायांचं प्लास्टिक. त्याला गोंद नीट धरत नाही, आणि बारीक भागांवरचा रंग वाकवल्यावर सोलून निघतो. तुकडा बुडाला, वाकवल्यावर पांढरा पडून मोडला आणि प्लास्टिक सिमेंटचा (प्लास्टिक जोडायच्या पातळ गोंदाचा) थेंब टाकल्यावर पृष्ठभाग चिकट झाला, तर ते पॉलिस्टायरीन. सिमेंट ते विरघळवून दोन भाग एकजीव करतं. बुडाला पण सिमेंटने ढिम्म हलला नाही, तर सुपर ग्लू आणून ठेवा.

साच्याची पारख मात्र घाईने करू नका. एक साधा शिपाई घ्या आणि दिव्याचा उजेड बाजूने, तिरपा पडेल असा धरा. साचा दोन पोलादी अर्ध्यांचा असतो, त्यामुळे ते जिथे मिळतात तिथे बारीक धार उमटते, तीच मोल्ड लाइन. ती पायाच्या कडेने गेली असेल तर सुरीच्या पात्याने खरवडली की संपलं. साखळी चिलखतावरून किंवा गालावरून गेली असेल तर दर मूर्तीमागे दहा मिनिटं जास्त धरा, म्हणजे ४० मूर्तींना साडेसहा तासांच्या वर. तोच साचा सरळ उघडतो म्हणून छातीवरची बटणं टोकदार उठतात आणि काखेकडची वस्त्राची चुणी सपाट, ओघळल्यासारखी दिसते. थोडं असं चालतं. मी चेहरा आणि हाताची बोटं बघतो. ती गुळगुळीत असतील तर रंगाने ती भरून येत नाहीत. तलवारीची टोकं अर्धवट भरलेली आहेत का, ढालीच्या जाड भागात खळगा पडलाय का, हेही याच उजेडात दिसतं. आणि स्प्रूचा देठ कुठे जोडलाय ते पाहा. भाल्याच्या मधोमध जाड देठ असेल तर कापताना भालाच मोडतो.

माप आकड्यावर सोडू नका. २८ मिमी हा मूर्तीच्या उंचीचा आकडा कुणी पायापासून डोळ्यापर्यंत मोजतो, कुणी डोक्याच्या टोकापर्यंत, त्यामुळे दोन खोक्यांचे २८ शेजारी उभे केले की काका-पुतणे वाटतात. उंचीपेक्षा डोकं आणि पंजे जास्त बोलतात. जुन्या सैन्यातला एक जण शेजारी उभा करा, बस्स.

शेवटी चाचणी. तीनच साधे शिपाई बांधा. आधी भाग कोमट साबणपाण्यात धुऊन वाळवा. तिन्ही वेगवेगळ्या पवित्र्यात घ्या आणि ठरलेल्या बेसवर, म्हणजे पायाखालच्या चकतीवर, ठेवून एकमेकांना खेटून रांगेत लावा. २५ मिमीच्या बेसवर पाचांची रांग १२५ मिमीची होते. एकाचा भाला पुढच्याच्या पाठीत घुसत असेल तर पवित्रे बदलायचे किंवा रांगेतल्या जागा बेसखाली नंबर टाकून पक्क्या करायच्या. एकच पवित्रा देणाऱ्या खोक्यांना लोक नावं ठेवतात, पण ६० जणांच्या झुंडीला मला तेच बरे वाटतात. पटकन बांधून होतात. ढाल चिकटवण्याआधी ब्रश मागे पोचतो का ते बघा. नसेल पोचत तर ढाली वेगळ्या रंगवा.

तिसरा शिपाई बांधताना घड्याळ लावा आणि तो वेळ गुणिले उरलेली संख्या करा. सेनापती त्यानंतर.