सीआयएसएफला पहिली पसंती टाकायच्या आधी हे वाचून घ्या

आपल्या इकडच्या गावात वर्दीतला पोट्टा सुट्टीवर आला की तो 'मिल्ट्रीत' आहे, विषय संपला. सीआरपीएफ (केंद्रीय राखीव पोलीस दल), बीएसएफ (सीमा सुरक्षा दल), सीआयएसएफ यातला फरक घरच्यांना सोडा, भरतीची तयारी करणाऱ्या पोट्ट्यांनाही माहीत नसतो. माझ्या मावशीला अजूनही वाटते का मी बॉर्डरवर आहे. मी सीआयएसएफमध्ये कॉन्स्टेबल आहे, आधी एका पॉवर प्लांटवर होतो, आता एअरपोर्टवर आहे, आणि सुट्टीत गावी आलो की पोट्टे तेच तेच विचारतात, भरतीच्या फॉर्ममध्ये पहिली पसंती कोणत्या फोर्सला द्यायची, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सीआयएसएफ म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, गृह मंत्रालयाच्या हाताखालचं. आपलं काम लढाईचं नाही, राखणीचं आहे. आपल्या विदर्भातलं सांगायचं तर नागपूरचं विमानतळ आणि मौद्याचा एनटीपीसीचा वीज प्रकल्प, हे आपल्याकडंच. गडचिरोलीत जंगलात फिरते ती सीआरपीएफ, ती वेगळी. बंदोबस्ताला येते ती एसआरपीएफ, म्हणजे राज्य राखीव पोलीस दल, ती तर राज्याची. आणि महाराष्ट्र सुरक्षा दल म्हणून जे एमएसएफवाले दिसतात ते पण राज्याचेच, कंत्राटी. हे एवढं डोक्यात पक्कं करा मग पुढचं वाचा.

आता हा फोर्स बनला काऊन? पहिले प्रत्येक सरकारी कारखान्याचे स्वतःचे चौकीदार असायचे, ज्याचा कारखाना त्याचा पहारा. 1964 मध्ये रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनमध्ये मोठी आग लागली, न्यायमूर्ती मुखर्जींची चौकशी बसली, आणि सरकारी कारखान्यांसाठी वेगळं सुरक्षा दल पाहिजे असं पुढं आलं. 1968 ला कायदा झाला आणि 10 मार्च 1969 ला तीन बटालियनवर काम सुरू झालं. म्हणून 10 मार्चला आपला रेझिंग डे असतो. पण तेव्हा हे सशस्त्र दल नव्हतं बरं, तो दर्जा 1983 मध्ये मिळाला. आग विझवायचं काम पण पहिल्यापासून रक्तात आहे, स्वतःची फायर विंग असलेला केंद्राचा हा एकच सशस्त्र फोर्स आहे.

पुढचंही तसंच पाहा. डिसेंबर 1999 मध्ये कंदाहारचं विमान अपहरण झालं, तोपर्यंत एअरपोर्ट राज्याच्या पोलिसांकडं होते, 2000 मध्ये जयपूरपासून आपल्याकडं यायला लागले. 2007 मध्ये दिल्ली मेट्रोची राखण आपल्याकडं आली. 2008 मध्ये मुंबईवर 26/11 झालं आणि 2009 मध्ये कायदा बदलून खासगी कंपन्यांनाही हा फोर्स मिळायला लागला, पैसे भरून. डिसेंबर 2023 मध्ये संसदेत पोरं घुसली आणि 2024 पासून संसदेची सुरक्षा आपल्याकडं. म्हणजे काही ना काही घडलं का मग आपल्याला बोलावतात, आणि एकदा तिथं उभं राहिलं की आपलं काम एवढंच का परत तिथं काही घडू नये. काही घडलंच नाही तर शाबासकी कोण देणार? कोणीच नाही. हे ज्याला जमत नाही, ज्याला एन्काउंटर, ऑपरेशन, छातीवर मेडल असलं काही पाहिजे, त्यानं खुशाल पसंतीत सीआरपीएफ पहिले टाकावं, त्यात कमीपणा काही नाही, पण इथं येऊन कंटाळलेले पाहिलेत मी.

प्लांटवर माझी जास्त ड्युटी मटेरियल गेटला असायची. भंगाराचा ट्रक बाहेर निघतो, ड्रायव्हर गेटपास देतो, आता तुम्ही पाहायचं ट्रकचा नंबर तोच आहे का, काट्याची पावती आणि पासवरचं वजन जुळते का, आणि खालची सही. ज्या साहेबांना पास द्यायचा अधिकार आहे त्यांच्या सह्यांचे नमुने गेटवर लावलेले असतात, त्याच्याशी ताडून पाहायची. मागं चार ट्रक हॉर्न वाजवत असतात, ड्रायव्हर म्हणतो साहेब रोजचाच आहे मी, आणि वर चढून पाहिलं तर लोखंडाच्या खाली तांब्याची केबल. पकडलं का आपण अटक करू शकतो, वॉरंटशिवाय, पण तपास आपला नाही, माणूस आणि माल लोकल पोलीस स्टेशनला सोपवायचा. सिनेमात पाहून आलेल्यांना हे लवकर पटत नाही.

एअरपोर्टचं वेगळंच. एक्स-रेवर बसायचं तर आधी त्याची ट्रेनिंग आणि परीक्षा पास करावी लागते. स्क्रीनवर कपडे, खाण्यापिण्याच्या वस्तू नारिंगी दिसतात, धातू निळा, मधलं काही असलं तर हिरवं. एकदा एका आजोबांच्या पिशवीत निळा वाकडा आकार दिसला, उघडली तर पानाची चंची आणि आत हा मोठा अडकित्ता, पितळी, जुना. केबिनमध्ये नेता येत नाही. आजोबा म्हणाले, "बाबू, सुपारी कायनं कातरू मग तिकडं?" आता इथं हसायचं नाही, चिडायचं नाही, नियम सांगायचा आणि रस्ताही सांगायचा, की आजोबा, काउंटरवर जाऊन मोठ्या बॅगेत टाकून या, नाही तर सोडायला आलेल्या पोराकडं द्या. दिवसभर शेकडो लोकांशी असं बोलावं लागते. आपली नागपुरी हिंदी, 'मेरेको तेरेको'वाली, ट्रेनिंगमध्येच घासून घ्या, पुढं लय कामी येते.

आता भरतीचं. कॉन्स्टेबल जीडी (जनरल ड्युटी), परीक्षा एसएससी म्हणजे कर्मचारी निवड आयोग घेते, दहावी पास, वय 18 ते 23, एससी एसटी ओबीसीला सूट. पेपर मराठीत देता येतो 2024 पासून, फक्त भाषेचा भाग हिंदी किंवा इंग्रजीचा. 80 प्रश्न, 160 मार्क, एक तास, चुकलं का पाव मार्क जाते. उंची पोरांना 170, पोरींना 157, एसटीला 162.5 आणि 150. पगार लेव्हल 3, बेसिक 21700 पासून, वर भत्ते.

आपले पोट्टे मार खातात ते एका जागी. सगळे पोलीस भरतीच्या हिशोबानं तयारी करतात, तिथं ग्राउंड पहिले आणि त्याचे मार्क, म्हणून 1600 मीटर आणि गोळा यातच वर्ष जाते. इथं उलटं आहे, पेपर पहिले आणि मेरिट पेपरचंच, रनिंग फक्त पास व्हायला लागते, पण ती 5 किलोमीटर 24 मिनिटांत, पोरींना 1.6 किलोमीटर साडेआठ मिनिटांत. तेव्हा गणित-रिझनिंगला सकाळ द्या, रनिंग सायंकाळी करा, आणि डांबरी रोडवर नका पळू, गुडघे जातात, वावराच्या पांधीनं पळा.

ओबीसीवाल्यांनो, जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. टॅटू उजव्या हातावर काढू नका, सॅल्यूट त्याच हातानं आहे, मेडिकलला बाहेर काढतात. बारावी सायन्स असाल तर फायरमनची भरतीही पाहा, ती सीआयएसएफ स्वतः वेगळी काढते, आपल्याकडच्या लोकांना ती माहीतच नसते.

आणि फॉर्ममध्ये फोर्सच्या पसंतीचा क्रम असतो, मेरिट आणि तो क्रम यावर ठरते तुम्ही कुठं जाल. सेतूवाल्याकडं फॉर्म भरायला देता ना, तो गर्दीत वरून खाली जसं दिसते तसं टिकटिक करत जातो. शेजारी उभं राहा, क्रम घरून कागदावर लिहून न्या, आणि सबमिटच्या आधी एकदा स्क्रीन आपल्याकडं वळवून पाहा.