गाजर गवत उपटल्यावर त्या जागेत काय पेराल? खरिपापूर्वीचा सल्ला

वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की बांधावर, पडीक तुकड्यात आणि रस्त्याकडेच्या चरांत गाजर गवताची कोवळी रोपे दिसू लागतात. उगवल्यापासून साधारण महिनाभरात त्याला फुले येतात आणि जोमदार वाढलेले एक झाड १५ ते २५ हजार बिया टाकू शकते. म्हणून फुलावर येण्याआधी मुळासकट उपटा, हे दरवर्षी सांगितले जाते आणि ते बरोबरच आहे. मला त्यापुढचे सांगायचे आहे. उपटलेली जागा मोकळी पडू देऊ नका. वापसा (पेरणीजोगी ओल) येताच तिथे पेरा, आणि काय पेरायचे ते जमिनीतल्या बुरशीचा विचार करून ठरवा.

बुरशी म्हटले की मर, करपा, भुरी एवढेच आठवते. पण पिकाच्या मुळात शिरून पिकालाच सांभाळणारी बुरशीही आहे, ती म्हणजे मायकोरायझा. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक यांनी १८८५ साली तिला हे नाव दिले. तिचे अनेक प्रकार आहेत. त्यातला शेतीच्या कामाचा प्रकार, आर्बस्क्युलर मायकोरायझा, जमिनीवरच्या सुमारे ७० ते ८० टक्के वनस्पतींच्या मुळांत सापडतो. ज्वारी, बाजरी, मका, तूर, मूग, सोयाबीन, कापूस, कांदा, मिरची ही सगळी पिके त्यात आली.

तिचे काम मुख्यतः स्फुरद (फॉस्फरस) मिळवून देण्याचे. स्फुरद जमिनीत जागचा फारसा हलत नाही. पांढऱ्या मुळीने आपल्याभोवतीच्या एक-दोन मिलिमीटरमधला स्फुरद उचलला की पलीकडे तो असूनही मुळीला मिळत नाही. बुरशीचे तंतू तिथून पुढे कित्येक सेंटिमीटर जातात. ते इतके बारीक असतात की मुळी शिरू शकणार नाही अशा फटींतूनही स्फुरद आणि जस्त आणून देतात. त्याच्या मोबदल्यात पीक पानांत तयार झालेल्या अन्नातला ४ ते २० टक्के वाटा बुरशीला देते. कांद्याच्या मुळांना लव जवळपास नसतेच, त्यामुळे कांदा या बुरशीवर फारच अवलंबून असतो.

या बुरशीची एक अडचण मात्र नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावर उभा आहे. जिवंत मुळाशिवाय ती वाढत नाही. शेणखतावर किंवा पाचोळ्यावर ती पोसली जात नाही. शेत मोकळे राहिले की तंतूंचे जाळे विरते आणि उरलेले बीजाणूही महिन्यामहिन्याने कमी होत जातात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ओल साठवण्यासाठी वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ तणविरहित पडीक ठेवलेल्या शेतांत नंतर पेरलेले सूर्यफूल, मका आणि जवस खुरटत असत. जमिनीत ओल भरपूर होती. कमी झाली होती ती मायकोरायझा, आणि तिच्यामुळे पिकाला मिळणारे स्फुरद व जस्त. आपण ‘या पिकाचा बेवड (मागच्या पिकाचा जमिनीवर राहणारा परिणाम) चांगला, त्याचा वाईट’ म्हणतो, त्यात या बुरशीचाही वाटा असतो.

आता गाजर गवतासारख्या परक्या तणांकडे येऊ. ती जमिनीवरची जागा, पाणी आणि ऊन खातात हे दिसते. जमिनीखालची बुरशीही ती बदलून टाकतात, ते दिसत नाही. उत्तर अमेरिकेच्या जंगलांत युरोपातून आलेली मोहरीच्या कुळातली एक वनस्पती पसरली आहे. तिच्या मुळांतून आणि पानांतून सुटणारी द्रव्ये तिथल्या झाडांच्या मायकोरायझाला मारक ठरतात आणि रोपे खुरटतात, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले.

दुसरे उदाहरण आपल्या घाटातले आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचे वाटते. रानमोडी या परक्या तणाखालच्या मातीचा अभ्यास दिल्ली विद्यापीठाचे इंद्रजित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटात केला आणि २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. रानमोडीच्या मुळांभोवती फ्युझारियम या रोगकारक बुरशीचे बीजाणू खूप जास्त साठलेले होते. त्या मातीत लावलेल्या काटेमाठाची आणि बांबूची वाढ खुंटली. तीच माती निर्जंतुक केली तेव्हा तो वाईट परिणाम उरला नाही. थोडक्यात, तिथली बुरशी स्थानिकच होती, रानमोडीने फक्त तिची संख्या वाढवली.

कोकणात आणि घाटमाथ्यावर आंबा-काजूच्या कलमांसाठी पिशव्या भरताना हे लक्षात ठेवा. रानमोडी तोडून साफ केलेल्या जागेची माती काळी, भुसभुशीत दिसते आणि तीच उचलावीशी वाटते. ती रोपवाटिकेत आणू नका. जुन्या गवताळ बांधावरची माती घ्या. त्या गवताच्या मुळांसोबत मायकोरायझाही येते. दुसरी माती मिळणारच नसेल तर रानमोडीच्या जागेची माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे कडक उन्हात तापवावी लागते. त्याला एप्रिल-मेचेच ऊन हवे, म्हणून हे काम पुढच्या वर्षीच्या पिशव्यांसाठी धरा. तापवल्याने चांगली बुरशीही कमी होते, तेव्हा नंतर मायकोरायझा वरून द्यावीच लागेल.

गाजर गवताचे थोडे वेगळे आहे. ते स्वतः मायकोरायझाचा फायदा घेते, त्यामुळे ते उभे असताना बुरशी उपाशी मरत नाही. त्रास होतो तो त्यातल्या पार्थेनिन या विषारी द्रव्याचा. ते इतर बियांची उगवण दाबते आणि कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींनाही मारक ठरते. पार्थेनिन मोकळ्या जमिनीत फार दिवस टिकत नाही. पण ताजे गवत जागेवरच गाडले तर ते कुजेपर्यंत ही द्रव्ये सुटत राहतात. म्हणून उपटलेले गवत शेतात गाडू नका, बाहेर खड्ड्यात न्या. फुलावर न आलेल्या गवताचे शेण आणि मातीचे थर देऊन चांगले कंपोस्ट होते. बी धरलेले गवत त्यात मिसळू नका, कारण खड्डा नीट तापला नाही तर तेच बी खतातून शेतभर जाते. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच उपटा. ज्यांच्या अंगावर पुरळ येते किंवा ज्यांना धाप लागते त्यांनी या कामाला हात लावू नये. जनावरांपुढेही हे गवत टाकू नका, दूध कडवट होते.

जागा साफ झाली, आता पेरणी. गाजर गवताने भरलेल्या तुकड्यात पहिले पीक म्हणून मी ज्वारी, बाजरी किंवा मका सुचवेन, जमल्यास त्यात चवळीसारखे पसरणारे कडधान्य मिसळून. त्यांचा जारवा (बारीक मुळ्यांचे जाळे) दाट असतो, बुरशी त्यावर भराभर वाढते आणि पिकाची सावली गाजर गवताच्या पुढच्या उगवणीला दाबते. धान्य घ्यायचे नसेल तर ताग पेरा आणि फुलावर आला की गाडा. कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा, पालक, बीट आणि राजगिरा मात्र तिथे पहिल्या हंगामात टाळा. ही पिके मायकोरायझाला जवळजवळ थाराच देत नाहीत. त्यांच्या मागोमाग कांदा घेणे म्हणजे कांद्याची सुरुवातीची वाढ अडवणे. मध्ये मका किंवा एखादे कडधान्य येऊ द्या.

पेरल्यावर काम झाले की नाही हे मक्यात पाहता येते. पेरणीनंतर महिना-दीड महिन्याने एक ताट खुरप्याने हळूच, मातीच्या ढेकळासह काढा. ओढू नका, बारीक मुळ्या जमिनीतच तुटतात. बादलीत भिजवून माती आपोआप सुटू द्या आणि लगेच सावलीत बघा. मायकोरायझा चांगली बसली असेल तर बारीक मुळ्यांना फिकट पिवळी झाक दिसते. उजेडात ही झाक लवकर उडते, त्यामुळे उशीर करू नका. त्याउलट मुळ्या पांढऱ्याफटक आणि वरची पाने जांभळट दिसत असतील तर पिकाला स्फुरद मिळत नाही असे समजा. थंडी किंवा पाणी साचल्यानेही पाने जांभळी होतात, म्हणून केवळ पानांवरून निष्कर्ष काढू नका.

बाजारात पिशवीत मिळणारी मायकोरायझा घ्यावी का, हा प्रश्न हमखास येतो. नेहमी पिकाखाली असलेल्या, बेताची मशागत होणाऱ्या शेतात तिची गरज क्वचितच असते, पैसे वाचवा. वर्षानुवर्षे पडीक, माती उकरून सपाट केलेली किंवा तापवलेली जमीन असेल तर उपयोग होतो. घेताना अंतिम मुदत बघा आणि पिशवी उन्हात ठेवू नका. जमिनीवर फेकून तिचा काही फायदा नाही, उगवणारे मूळ तिच्यातूनच गेले पाहिजे. बियाण्याच्या खाली, किंवा कांदा-मिरचीच्या गादीवाफ्यातच दिलेली सगळ्यात चांगली.

त्याहून मोठा फरक खताच्या सवयीने पडतो. जमीन आरोग्य पत्रिकेत स्फुरद ‘जास्त’ असताना दरवर्षी डीएपी हे स्फुरदयुक्त खत ओतत राहिलात तर पिकाला बुरशीची गरज उरत नाही आणि ते तिला मुळात शिरूच देत नाही. तपासणी पाहून मात्रा कमी करा. वारंवार रोटाव्हेटर फिरवल्यानेही तंतूंचे जाळे तुटते. एका वखरपाळीत भागत असेल तर दुसरी नको.

तूर आणि हरभऱ्यात मर येणाऱ्या शेतात फ्युझारियमच शत्रू असतो. तिथे ट्रायकोडर्मा या रोगकारक बुरशीला रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची बीजप्रक्रिया करा, किलोला ५ ग्रॅम. त्याच बियाण्याला त्याच वेळी रासायनिक बुरशीनाशक चोळाल तर ट्रायकोडर्मा मरेल. दोन्हींपैकी एक निवडा. रायझोबियम (कडधान्याच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू) ट्रायकोडर्मासोबत चालते.

बांधांवर मिठाचे पाणी फवारून गाजर गवत जाळायचा उपाय सांगितला जातो. पिकाच्या शेजारी तो करू नका, मीठ पावसाने शेतातच उतरते. त्यापेक्षा बांधावर टाकळ्याचे बी टाका, तो पावसाळ्यात दाट उगवून गाजर गवताची जागा घेतो. पाऊस सुरू झाला की गाजर गवताच्या पानांवर पिवळसर, तपकिरी रेघांचे छोटे भुंगेरे दिसतील. हा मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा, १९८४ मध्ये बेंगळुरूला प्रथम सोडलेला. तो दिसला तर त्या बांधावर कीटकनाशक फवारू नका. मात्र त्याच्या भरवशावर पिकाच्या कडेची रोपे ठेवू नका, ती हाताने काढा.

ऑगस्टमध्ये उगवणीची दुसरी लाट येते. १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा देशभर गाजर गवत जागृती सप्ताह म्हणून पाळला जातो, त्या सुमारास शिवारातल्या सगळ्यांनी मिळून रस्ते, पाटाच्या कडा आणि पडीक जागा साफ केल्या तर वाऱ्या-पाण्याने येणारे बी बरेच अडते. आणि भाड्याचा ट्रॅक्टर, मळणीयंत्र किंवा हार्वेस्टर शेतात घेण्याआधी चाके आणि पाती रस्त्यावरच झाडून, धुऊन घ्या.