लाईट गेल्यावर सर्व्हरसोबत व्हर्च्युअल मशीनही नीट कशी बंद करावीत

मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात, तेव्हा विजेचे खांबही पडतात आणि लाईट कित्येक तास येत नाही. जिनिंग, दालमिल, पतसंस्था, दवाखाना, कुठेही पाहा, एकाच सर्व्हरवर तीन-चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले स्वतंत्र संगणक, चालू असतात. एकात टॅली, एकात डेटाबेस, एकात फायली. यूपीएस लावलेला असतो, पण बॅटरी संपत आल्यावर पुढे काय व्हायचे हे बहुतेक ठिकाणी ठरवलेलेच नसते. होस्ट, म्हणजे मुख्य सर्व्हर, बंद व्हायला लागला तरी आतल्या मशीनना तो निरोप पोचेलच असे नाही. पोचला नाही तर त्यांच्यासाठी ते प्लग उपटल्यासारखेच होते आणि अर्धवट लिहिलेला डेटा तसाच राहतो.

आधी निरोप पोचवा

प्रत्येक मशीनच्या आत होस्टचे ऐकणारा एक छोटा प्रोग्रॅम (एजंट) लागतो. व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर कोणते, त्यावर त्याचे नाव ठरते. प्रॉक्समॉक्सवर तो क्यूईएमयू गेस्ट एजंट, व्हीएमवेअरवर व्हीएमवेअर टूल्स, हायपर-व्हीवर इंटिग्रेशन सर्व्हिसेस. हायपर-व्हीत मशीनच्या सेटिंगमध्ये ‘ऑपरेटिंग सिस्टिम शटडाउन’ या खुणेवर टिक आहे ना, तेवढे पाहा.

प्रॉक्समॉक्सवर दोन कामे आहेत आणि लोक हमखास एकच करतात. मशीनच्या ऑप्शन्समध्ये एजंट चालू करायचा, आणि मशीनच्या आत तो प्रोग्रॅम बसवायचाही. विंडोजसाठी तो व्हर्टआयओ ड्रायव्हरच्या आयएसओ फाइलमध्ये असतो, लिनक्समध्ये नेहमीच्या पॅकेजमधून मिळतो. नुसती टिक केली तर होस्ट एजंटला आदेश देतो, उत्तर येत नाही आणि वेळमर्यादा संपेपर्यंत ताटकळतो. टिक केल्यावर मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. आतून रिस्टार्ट केल्याने हा बदल लागू होत नाही.

एजंटच नसेल तर होस्ट पॉवर बटण दाबल्याचा इशारा पाठवतो. विंडोज तो दरवेळी मानतेच असे नाही, आणि डेस्कटॉप असलेले लिनक्स कधीकधी ‘बंद करू का?’ असे विचारत बसते.

मग काय करायचे ते सांगा

हायपर-व्हीत ‘ऑटोमॅटिक स्टॉप ॲक्शन’ मुळात ‘सेव्ह’वर असते, म्हणजे मशीनची मेमरी डिस्कवर उतरवली जाते. ऐकायला सोयीचे वाटते, पण 32 जीबी मेमरी सेकंदाला 100 एमबी लिहिणाऱ्या हार्डडिस्कवर उतरवायला साडेपाच मिनिटे लागतात. शिवाय परत चालू झाल्यावर डेटाबेसच्या जोडण्या तुटलेल्या असतात. डेटाबेस आणि डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारे मशीन) यांच्यासाठी ‘शट डाउन’ निवडा. हे सेटिंग मशीन बंद असतानाच बदलता येते.

व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवर होस्टच्या मॅनेज, सिस्टिम, ऑटोस्टार्टमध्ये ते चालू करून स्टॉप ॲक्शन ‘शट डाउन’ ठेवा. होस्ट एचए क्लस्टरमध्ये (एक बंद पडला तर दुसरा काम उचलतो अशा सर्व्हरच्या गटात) असेल तर ऑटोस्टार्ट चालत नाही. लिनक्समधल्या साध्या केव्हीएमवर लिबव्हर्ट-गेस्ट्स ही सर्व्हिस चालू करून तिच्या फाइलमध्ये शटडाउन हा पर्याय आणि वेळमर्यादा लिहा.

क्रम आणि वेळेचा हिशेब

प्रॉक्समॉक्समध्ये ‘स्टार्ट/शटडाउन ऑर्डर’ असते. छोटा आकडा आधी चालू होतो आणि सर्वांत शेवटी बंद होतो. म्हणून डोमेन कंट्रोलरला 1, डेटाबेसला 2 आणि त्यावर चालणाऱ्या टॅली किंवा बिलिंगच्या मशीनला 3. आधी बिलिंग बंद, मग डेटाबेस, मग डोमेन कंट्रोलर. उलट झाले तर बिलिंगचा प्रोग्रॅम नसलेल्या डेटाबेसची वाट पाहत लटकतो.

इथे प्रत्येक मशीनची मूळ वेळमर्यादा 180 सेकंद असते. तेवढ्यात मशीन बंद झाले नाही तर ते जबरीने बंद केले जाते. अपडेट अडकलेले विंडोज बंद व्हायला कितीतरी जास्त वेळ घेते, म्हणून विंडोजला 300 सेकंद द्या आणि अपडेट दिवसा, लाईट असताना उरकून घ्या.

आता बेरीज करा. तीन क्रम, प्रत्येकी 300 सेकंद, म्हणजे 15 मिनिटे. होस्टला स्वतःला 2 मिनिटे. लाईट लगेच परत येईल म्हणून वाट पाहायची 3 मिनिटे. एकूण 20. पूर्ण लोडवर यूपीएस 12 मिनिटेच टिकत असेल तर क्रम कमी करा, एकमेकांवर अवलंबून नसलेल्या मशीनना एकच आकडा द्या, किंवा बॅटरी वाढवा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य 25 अंशांच्या वर दर 10 अंशांमागे साधारण निम्मे होते, तेव्हा खोक्यावर छापलेल्या मिनिटांवर भरवसा नको. स्वतः मोजा.

यूपीएसची तार

यूपीएसमधून होस्टला यूएसबी केबल जोडा आणि एनयूटी किंवा एपीसीयूपीएसडी हा यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम बसवा. होस्ट बंद करण्याचा आदेश हाच देतो. सर्व्हर दोन असतील तर केबल एकाला जोडा, दुसऱ्याला निरोप नेटवर्कवरून जाईल. पण मग स्विचही यूपीएसवरच हवा. मशीनच्या डिस्क एनएएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या वेगळ्या स्टोरेजवर, असतील तर एनएएस होस्टनंतर बंद झाला पाहिजे.

फक्त इन्व्हर्टर असेल, डेटा केबल नसेल, तर एक उपाय आहे. थेट महावितरणच्या लाईनवर दोन छोटी उपकरणे लावा, इन्व्हर्टरवर नाही. उदाहरणार्थ जुने राउटर. स्विच मात्र इन्व्हर्टरवर. होस्टवर दर मिनिटाला त्यांना पिंग करणारी, म्हणजे ती चालू आहेत का हे नेटवर्कवरून विचारणारी, स्क्रिप्ट ठेवा. दोन्ही सलग तीन मिनिटे गप्प राहिली तरच शटडाउन. एकच ठेवले तर ते बिघडल्यावरही सर्व्हर बंद होईल.

लाईट परत आल्यावर

हा भाग सगळ्यात जास्त राहून जातो. होस्ट बंद होत असतानाच लाईट आली तर होस्ट बंदच राहतो, कारण त्याचा पुरवठा कधी तुटलाच नाही. त्यासाठी होस्ट थांबल्यावर यूपीएसने आउटपुट तोडायला हवा. एनयूटीमध्ये याला ‘किल पॉवर’ म्हणतात. सोबत बायोसमध्ये वीज परतल्यावर ‘पॉवर ऑन’ निवडा. जूनमध्ये लाईट दहा मिनिटांत दोनदा जाते-येते, म्हणून यूपीएसमध्ये सोय असेल तर बॅटरी किमान 50 टक्के भरेपर्यंत आउटपुट देऊ नये असे ठरवा. नाहीतर दुसऱ्या वेळी बंद व्हायला वेळच उरत नाही.

चाचणी

आधी बॅकअप घ्या. पहिल्यांदा होस्ट पॅनेलमधून बंद करून पाहा. ते जमले की कामकाज संपल्यावर यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा आणि घड्याळ लावा. नंतर विंडोज मशीनच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील सिस्टिम लॉग उघडा. 1074 आणि 6006 दिसले तर मशीन नीट बंद झाले. 41 किंवा 6008 दिसला तर ते आपटले. ज्या मशीनमध्ये 41 किंवा 6008 दिसेल, त्याचा एजंट आणि वेळमर्यादा तपासा आणि प्लग पुन्हा काढून पाहा.