वादपत्रातील दुरुस्ती आणि तिचा खर्च

गोव्यातील जमिनीच्या दाव्यांत वादपत्रात, म्हणजे वादीने न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याच्या लेखी मसुद्यात, दुरुस्तीची गरज अनेकदा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीतून उभी राहते. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या उताऱ्यावर, सर्व्हे क्रमांकाचा पोटविभाग एक असतो आणि वादपत्रात दुसराच टंकलेला असतो. किंवा दावा चालू असतानाच प्रतिवादी कुंपण घालतो आणि केवळ मनाईहुकूम मागणाऱ्या वादीला ते कुंपण हटवण्याचीही मागणी जोडावी लागते. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 6, नियम 17 खाली अर्ज करावा. कोणत्या परिच्छेदातील कोणते शब्द वगळायचे आणि त्यांच्या जागी नेमके कोणते घालायचे, हे अर्जातच लिहावे. ‘आवश्यक ती दुरुस्ती करू द्यावी’ असा मोघम अर्ज म्हणजे विरोधकाच्या हाती दिलेली आयती हरकत होय.

सुनावणी, म्हणजे साक्षीपुराव्याचा टप्पा, सुरू होण्यापूर्वी न्यायालये बहुधा उदार असतात. त्यानंतर मात्र, 2002 पासून लागू झालेल्या परंतुकानुसार (नियम 17 ला जोडलेल्या अटीनुसार), योग्य ती दक्षता घेऊनही हा मुद्दा आधी मांडता आला नसता, अशी न्यायालयाची खात्री पटवावी लागते. म्हणून सरतपासणीचे प्रतिज्ञापत्र (आपल्या साक्षीदाराची शपथेवरील लेखी साक्ष) देण्याआधीच उतारे आणि वादपत्र शेजारी ठेवून वाचावे. स्पष्ट शब्दांत दिलेली कबुली मागे घेणे किंवा मुदतबाह्य झालेली मागणी मागील दाराने आणणे, यासाठी परवानगी मिळणे कठीण असते.

परवानगीचा आदेश झाला म्हणजे दुरुस्ती झाली, असे अनेक पक्षकार धरून चालतात, आणि खरी गफलत तिथेच होते. नियम 18 प्रमाणे आदेशात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसल्यास 14 दिवसांत, दुरुस्ती प्रत्यक्ष वादपत्रात उतरवावी लागते; मुदत गेली, तर न्यायालयाने ती वाढवून दिल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही. दुरुस्त वादपत्राचे सत्यापन करून, म्हणजे त्यातील मजकूर खरा असल्याचे सहीनिशी नमूद करून, त्याची प्रत प्रतिवादीला द्यावी. दाव्याचे मूल्यांकन वाढले असेल, तर कमी पडणारे न्यायशुल्कही भरावे.

दुरुस्तीला परवानगी देताना न्यायालय अर्जदाराला विरोधकाचा खर्च देण्यास सांगू शकते; त्याची रक्कम ते आपल्या विवेकाने ठरवते. तो खर्च दुरुस्तीची अट म्हणून लावला आहे का, हे आदेशाच्या शब्दांवरून तपासावे. अट असेल, तर न भरल्यास परवानगीच गमावण्याची वेळ येते. रक्कम विरोधकाच्या वकिलांना देऊन लेखी पावती घ्यावी व ती अभिलेखात दाखल करावी. त्यांनी रक्कम नाकारल्यास ती न्यायालयात जमा करण्याची परवानगी त्याच मुदतीत मागावी.

विरोधकानेही सावध राहावे. सशर्त आदेशाखालचा खर्च हरकत न नोंदवता स्वीकारला, तर पुढे त्याच आदेशाला आव्हान देताना ती स्वीकृती आड येऊ शकते. म्हणून पावतीवरच ‘हक्क राखून’ असे लिहावे. दुरुस्तीच्या या आदेशावर अपील नसल्याने आव्हान संविधानाच्या अनुच्छेद 227 खाली (उच्च न्यायालयाच्या कनिष्ठ न्यायालयांवरील देखरेखीच्या अधिकाराखाली), पर्वरी येथे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे, द्यावे लागते.