जुना टॅब अनेक वर्षे वापरात कसा ठेवावा

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि पुढच्या काही महिन्यांत अनेक घरांत मुलांच्या ऑनलाइन वर्गांसाठी टॅब आला. मुले पुन्हा शाळेत जाऊ लागली, त्यांच्या हाती मोबाइल आले आणि तो टॅब कपाटात पडून राहिला. काही घरांत त्याहूनही जुना, 2013-14 च्या सुमारास घेतलेला आयपॅड किंवा अँड्रॉइड टॅब असतो. अशा टॅबचा पडदा आणि स्पीकर बहुधा अजून ठणठणीत असतात, तरीही ‘फार हँग होतो’ या एका कारणावरून तो बाद ठरवला जातो. वास्तविक टॅबचे आयुष्य संपवतात ती कारणे वेगळीच असतात. बॅटरीची आबाळ होते, खात्याचा पासवर्ड हरवतो आणि जुन्या यंत्राकडून नव्याची सगळी कामे करून घेण्याचा हट्ट धरला जातो. पुढील पायऱ्या याच तीन गोष्टींभोवती आहेत आणि त्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात.

पायरी 1 : सर्वांत आधी खाते आणि पासवर्ड

जुना टॅब हाती घेतल्यावर बहुतेक जण पहिल्यांदा तो रीसेट करतात, म्हणजे त्यातले सगळे पुसून तो नव्यासारखा करतात. हीच घाई सर्वांत महागात पडते. आयपॅडवर 2013 च्या आयओएस 7 या प्रणालीपासून आणि अँड्रॉइडवर 2015 च्या 5.1 या आवृत्तीपासून चोरीविरोधी कुलूप आलेले आहे. पासवर्ड ठाऊक नसताना टॅब रीसेट केला, तर तो पुन्हा सुरू होताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो आणि तो देता आला नाही, तर चांगले चालणारे यंत्र निरुपयोगी होऊन बसते.

म्हणून आधी सेटिंगमध्ये जाऊन टॅबवर कोणते खाते चालू आहे ते पाहावे. पुष्कळदा ते खाते खरेदीच्या दिवशी दुकानातच घाईघाईने उघडून दिलेले असते आणि त्याला जोडलेला मोबाइल क्रमांकही नंतर बंद झालेला असतो. टॅब अजून उघडत असेल तोवरच त्या खात्याला घरातल्या मोठ्या माणसाचा चालू क्रमांक जोडून घ्यावा, पासवर्ड बदलावा आणि तो घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांच्या वहीत लिहून ठेवावा. गूगलने डिसेंबर 2023 पासून सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती हटवण्यास सुरुवात केली आहे. तेव्हा केवळ टॅबसाठी उघडलेल्या खात्यात अधूनमधून प्रवेश करत राहणे आवश्यक आहे.

फार जुन्या आयपॅडवर खात्यात प्रवेश करताना मोबाइलवर सहा अंकी कोड येतो, पण तो लिहायला टॅबवर वेगळी चौकटच दिसत नाही. अशा वेळी पासवर्ड लिहून त्याच्या लगेच पुढे, मध्ये जागा न सोडता, ते सहा अंक लिहावेत.

खाते ताब्यात आल्यावर टॅबमधील छायाचित्रे आणि व्हिडिओ संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत. मुलांच्या लहानपणीचे फोटो कधीकधी फक्त याच टॅबमध्ये राहिलेले असतात.

पायरी 2 : बॅटरी

महिनोन्‌महिने पडून राहिलेला टॅब चार्जरला लावताच चालू होत नाही. बॅटरी इतकी उतरलेली असते की पडद्यावर खूण उमटायलाही वेळ लागतो. ‘गेला’ असा निष्कर्ष काढण्याआधी, पुढच्या परिच्छेदातील तपासणी करून, त्याला योग्य चार्जर आणि चांगली केबल लावून काही तास तसाच राहू द्यावा, मात्र आपण घरात असताना आणि गादी-उशीपासून दूर, फरशीवर किंवा ओट्यावर. बऱ्याच जुन्या टॅबना 5 व्होल्ट, 2 अँपिअरचा चार्जर लागतो. मोबाइलचा जुना 1 अँपिअरचा चार्जर लावला, तर टॅब वापरता वापरता चार्जिंग वाढतच नाही आणि दोष बॅटरीच्या माथी मारला जातो. त्यामुळे दुरुस्तीला नेण्यापूर्वी केबल आणि चार्जर बदलून पाहावेत. चार्जिंगच्या खाचेत धागे आणि धूळ दाबून बसली असेल, तर टॅब बंद करून लाकडी टूथपिकने ती हलक्या हाताने काढावी. टाचणी किंवा सुई कदापि वापरू नये.

चार्जिंगला लावण्याआधी आणखी एक तपासणी अनिवार्य आहे. टॅब सपाट टेबलावर पालथा आणि उताणा ठेवून पाहावा. तो डुगडुगत असेल, कडेला पडदा उचलला गेला असेल किंवा कव्हर पूर्वीसारखे बसत नसेल, तर बॅटरी फुगलेली आहे. लिथियम-आयन बॅटरीच्या पातळ पिशवीत वायू साठल्याने हे होते. फुगलेली बॅटरी चार्ज करू नये, उचललेला पडदा दाबून बसवू नये आणि घरी उघडण्याचा प्रयत्न करू नये, कारण ती पेट घेऊ शकते. असा टॅब सरळ दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावा.

बॅटरी ठीक असेल, तर तिचे आयुष्य वाढवण्याचे दोन नियम आहेत. पहिला म्हणजे ती शंभर टक्क्यांवर दिवसरात्र ठेवू नये आणि शून्यावरही जाऊ देऊ नये. पूर्ण भरलेल्या अवस्थेत या बॅटरीच्या प्रत्येक घटात साधारण 4.2 व्होल्टचा दाब असतो. तो दाब सतत राहिला आणि सोबत उष्णता असली, की आतील रसायने लवकर निकामी होतात. स्वयंपाकघरात गॅसजवळ कायम चार्जरला लावून ठेवलेल्या टॅबच्या बॅटऱ्या फुगतात त्या याच कारणाने. वीस आणि ऐंशी टक्क्यांच्या मध्ये खेळत ठेवणे उत्तम. काही टॅबांत 80-85 टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय सेटिंगमध्येच असते. ती नसेल आणि टॅब भिंतीवरच्या घड्याळासारखा एका जागी वापरायचा असेल, तर विजेच्या दुकानात मिळणारा टायमर प्लग लावून दिवसातून तासभरच वीज मिळेल अशी व्यवस्था करावी.

दुसरा नियम उष्णतेचा. अ‍ॅपल कंपनी आयपॅड 0 ते 35 अंश सेल्सिअसमध्ये वापरावा असे सांगते. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत घरातले तापमानही ही मर्यादा सहज ओलांडते. अशा दिवसांत चार्जिंग पहाटे किंवा कूलर चालू असताना करावे, चार्ज करताना जाड कव्हर काढून ठेवावे आणि बंद गाडीत टॅब कधीही सोडू नये. कोकणात प्रश्न उलटा, दमटपणाचा असतो. पावसाळ्यात टॅब वापरात नसेल, तर सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवावा. बराच काळ ठेवायचा असल्यास बॅटरी निम्मी भरून टॅब बंद करावा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा निम्म्यापर्यंत भरावी.

बॅटरी तासाभरातच उतरू लागली, तर ती बदलणे शक्य आहे. टॅबचा पडदा गोंदाने चिकटवलेला असल्याने हे काम अनुभवी हातांकडेच द्यावे आणि पडदा फुटल्यास जबाबदारी कोणाची, हे आधीच विचारून घ्यावे.

पायरी 3 : टॅबला एकदोनच कामे नेमून देणे

प्रत्येक टॅबला कंपनीकडून मिळणारे अपडेट कधीतरी थांबतात. 2013 चा पहिला आयपॅड एअर आयओएस 12 वर थांबला, तर 2014 चा आयपॅड एअर 2 आयपॅडओएस 15 वर. अँड्रॉइड 7 साठी क्रोम ब्राउझरची 119 ही शेवटची आवृत्ती ठरली. याचा अर्थ टॅब बंद पडतो असा नाही, पण त्यानंतर सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटी त्यात तशाच राहतात. म्हणून बँकेचे व्यवहार, यूपीआय, आधार किंवा पॅनची कागदपत्रे आणि घरातील कोणाचाही मुख्य ईमेल या टॅबवर ठेवू नये. या बाबतीत ‘एकदाच करून पाहतो’ अशी सवलतही घेऊ नये.

उरतात ती कामेही थोडी नाहीत. आजोबांना मोठ्या अक्षरांत वाचन, स्वयंपाक करताना गाणी, मुलांसाठी पाठ्यपुस्तके, परगावच्या नातवंडांशी व्हिडिओ कॉल. यांपैकी एक किंवा दोन निवडावीत. ज्या घरात टॅबचे काम ठरलेले असते त्या घरातच तो टिकतो, हे मी आग्रहाने सांगेन.

पायरी 4 : रीसेट आणि मोजकी अ‍ॅप

आता रीसेट करावे. आधी कंपनीने दिलेले शेवटचे अपडेट घ्यावे, मग फॅक्टरी रीसेट करावे आणि ठरलेल्या कामाला लागतील तेवढीच अ‍ॅप घ्यावीत. हलता वॉलपेपर, विजेट आणि न लागणाऱ्या नोटिफिकेशन बंद ठेवाव्यात.

टॅब संथ होण्याचे एक मोठे कारण भरलेली मेमरी हे असते. फ्लॅश मेमरीत नवी माहिती लिहिण्यापूर्वी जुनी जागा पुसावी लागते. मोकळी जागा उरली नाही, की प्रत्येक लहान कामासाठी ही पुसापुशी करावी लागते आणि यंत्र अडखळते. 2012 चा नेक्सस 7 हा टॅब काही महिन्यांतच संथ झाल्याचा अनुभव अनेकांना आला होता. पुढे 2013 मधील अँड्रॉइड 4.3 ने रिकामी जागा वेळोवेळी साफ करण्याची सोय दिली, तेव्हा त्यात फरक पडला. प्रोसेसर तोच होता. म्हणून निदान पाचवा हिस्सा जागा नेहमी मोकळी ठेवावी आणि फोटो-गाणी शक्य असल्यास मेमरी कार्डावर न्यावीत.

जुन्या आयपॅडवर अ‍ॅप घेताना ‘यासाठी नवीन आयओएस हवे’ असा संदेश येतो. त्यावर एक उपाय आहे. तेच अ‍ॅप त्याच खात्याने एखाद्या नव्या आयफोनवर किंवा आयपॅडवर एकदा घ्यावे. मग जुन्या आयपॅडवर अ‍ॅप स्टोअरमधील खरेदीच्या यादीत ते दिसू लागते आणि तेथून घेताना, उपलब्ध असल्यास, त्याची जुनी चालणारी आवृत्ती देऊ केली जाते. अँड्रॉइडवर अनोळखी संकेतस्थळांवरून जुनी अ‍ॅप उतरवण्याचा मोह होतो, तो टाळावा.

पायरी 5 : संकेतस्थळे उघडत नसतील तर

इंटरनेट चालू असूनही ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येत असेल, तर प्रथम तारीख पाहावी. बॅटरी पूर्ण उतरल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि संकेतस्थळांची ओळख पटवणारी आजची डिजिटल प्रमाणपत्रे टॅबला अवैध वाटू लागतात. तारीख दुरुस्त केली की बहुतेक वेळा काम होते.

न झाल्यास कारण अधिक खोल असते. ही प्रमाणपत्रे ज्यांच्या आधारे तपासली जातात ती मूळ प्रमाणपत्रे टॅबमध्ये कारखान्यातच भरलेली असतात आणि त्यांनाही मुदत असते. असंख्य संकेतस्थळांना मोफत प्रमाणपत्रे देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राचा आधार घेत असे, त्याची मुदत 30 सप्टेंबर 2021 रोजी संपली. तिचे नवे मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड 7.1.1 च्या आधीच्या टॅबांत नाही. अशा टॅबवर फायरफॉक्स ब्राउझरची चालणारी आवृत्ती मिळाली, तर ती घ्यावी, कारण फायरफॉक्स स्वतःची प्रमाणपत्रे सोबत बाळगतो. आयओएस 9 वर थांबलेल्या आयपॅड 2 सारख्या यंत्रांत मात्र ब्राउझर बदलून काही साधत नाही.

नवा राउटर घेतल्यावर जुना टॅब वायफायला जोडला जात नसेल, तर राउटरमध्ये 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा चालू आहे का आणि सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए 3 असा ठेवलेला नाही ना, हे पाहावे. डब्ल्यूपीए 2 चालू ठेवल्यास जुनी यंत्रे जोडली जातात.

पायरी 6 : इंटरनेटविना चालणारे साहित्य भरून ठेवणे

ही पायरी टॅबला सर्वाधिक वर्षे देते. अ‍ॅप कालबाह्य होतात, संकेतस्थळे जड होत जातात, पण पीडीएफ आणि एमपी3 फाइल दहा वर्षांपूर्वी जशी उघडत होती तशीच आजही उघडते. बालभारतीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मोफत मिळतात. ती संगणकावर उतरवून, इयत्ता आणि विषय असे फोल्डर करून टॅबमध्ये भरावीत. किविक्स या अ‍ॅपमध्ये मराठी विकिपीडियाची प्रत एकदा साठवली, की इंटरनेट नसतानाही लेख शोधून वाचता येतात. व्हीएलसीसारख्या प्लेअरवर भजने, नाट्यगीते आणि घरचे व्हिडिओ लावता येतात. मग टॅब विमान मोडवर ठेवला तरी चालतो. त्याने बॅटरीही पुरते आणि सुरक्षेची काळजीही बरीचशी मिटते.

ज्येष्ठांसाठी सेटिंगमधून अक्षरांचा आकार वाढवावा आणि मुख्य पडद्यावर चारच चिन्हे ठेवावीत. लहान मुलांच्या हाती देताना अँड्रॉइड 5 पासून असलेली स्क्रीन पिनिंगची किंवा आयपॅडवरील गायडेड अ‍ॅक्सेसची सोय वापरली, तर टॅब एकाच अ‍ॅपमध्ये राहतो.

पायरी 7 : निरोप द्यायचा झाल्यास

बॅटरी मिळेनाशी झाली किंवा पडदा निकामी झाला, की टॅब देऊन टाकावा लागतो. तो चालू होत असेल, तर खात्यातून बाहेर पडून मगच रीसेट करावा, म्हणजे ज्याच्या हाती जाईल त्याला तो कुलूपबंद मिळणार नाही. चालू होत नसेल, तर संगणकावरून किंवा मोबाइलवरून खात्यात जाऊन यंत्रांच्या यादीतून तो काढून टाकावा आणि मेमरी कार्ड, सिम काढून घ्यावेत. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशा यंत्रांच्या पुनर्वापर प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा ई-कचरा संकलन केंद्रात टॅब द्यावा. भंगारात तो देऊ नये, कारण तेथे पडदा हातोडीने उचकटला जातो आणि त्याखालीच बॅटरी असते.